लहानी पेटी

आमच्याकडे फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, ‘पेटी पाहिजे,’ की पहिला प्रश्न असायचा, कुठली? वाजायची की न्यायची? वाजायची म्हणजे हार्मोनियम. न्यायची म्हणजे माणसाला ज्यात निजवून कबरस्तानात नेतात ती. आमचे हे दोन्ही करायचे. ऐकून कसंतरी होतंय ना? मलाही लग्न होऊन आले तेव्हा झालं होतं. उंबरा ओलांडला तर एकीकडे भाता फाटलेली हार्मोनियम आणि दुसरीकडे नवीकोरी काळी पेटी, आणि त्या काळ्या पेटीवर सासूबाईंनी कुरडया वाळत घातलेल्या. मी मनात म्हटलं, प्रभू, कुठल्या घरात आणून टाकलंस रे मला!

ह्यांचं नाव देवदान. सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत ह्यांचं पत्र्याचं शेड आहे. मशीनचे भाग बाहेरगावी पाठवायला लाकडी खोकी लागतात, ती ठोकून द्यायची, हा पोटाचा धंदा. त्यातून उरलेल्या पाइनच्या फळ्यांच्या मंडळीसाठी पेट्या. आता मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं बरं का, बायको नव्हे. एकदा हे शेजारच्या शेडमधल्या देवरामभाऊंना म्हणाले, ‘मंडळीची पेटी करतोय,’ तर तो भला माणूस धावत घरी आला आणि मला दारात उभी बघून त्यानं छातीला हात लावला.

ह्या पेट्यांचे पैसे घ्यायचे नाहीत, हा सासऱ्यांचा नियम. ते म्हणायचे, प्रभू सुताराच्या घरात वाढला. त्याच्या लेकरांना शेवटचं लाकूड सुतारानं मोजूनमापून विकायचं असेल तर त्यानं रंधा खाली ठेवावा. हे तसंच करत आले. फळ्यांवर कारखान्याचे शिक्के असतात, काचेचा पेला, छत्री, वर तोंड केलेला बाण. हे ते रंधा मारून काढतात. एकदा घाईत बाण राहून गेला. पाळकसाहेबांना तो दिसला आणि ते प्रार्थनेत म्हणाले, ‘आपला भाऊ कुठे निघालाय हे लाकडालाही ठाऊक आहे.’ सगळे आमेन म्हणाले. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

तर ‘कुठली पेटी’ हा प्रश्न. तो ह्यांनी सोडला, त्याचं कारण शकुबाई. त्यांचे मालक पुंजारामभाऊ आमच्या चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवायचे. शकुबाईंचा फोन आला, ‘देवदानभाऊ, पेटी लागेल हो.’ ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, ‘कुठली, वाजायची की न्यायची?’ तर बाईनं टाहो फोडला, ‘वाजवणारा गेला हो, आता न्यायचीच द्या!’

त्या दिवशी हे भुशातच बसून राहिले. मला म्हणाले, ‘सुवर्णा, आजपासून मी विचारणार नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याच तोंडून ते वदवून घ्यायचं, ही कसली सेवा? आवाजावरून कळतं माणसाला.’

‘तुम्हाला कळतं?’ मी म्हटलं. ‘मी जेवायला बोलावतेय की रागावलेय, एवढं तरी आवाजावरून कळतं का कधी?’

पण खोटं कशाला बोलू, पुढे कधी चुकलं नाही. फोन ऐकला की हे मुकाट्यानं एक तर हार्मोनियमचे सूर घासायची कानस काढायचे, नाही तर करवत. मीच म्हणायला लागले, बाई गं, देवानं ह्यांना कान दिलाय.

आमची एकुलती एक हर्षाली. नर्स झाली. नाशकात चांगली नोकरी होती, घरापासून बसचा एकच थांबा. पण हरसूलच्या पुढे डोंगरात एक छोटा दवाखाना आहे, तिथे महिनाभर मदतीला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. तिथल्याच पाड्यावरचा मंगळू, प्राथमिक शाळेत शिक्षक, मंडळीत नवीनच आलेला, त्याच्याशी लग्न केलं. पोरगा सोन्यासारखा, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. मंगळूचे वडील बहिरूभाऊ काही आपल्यातले नाहीत, त्यांचे देव वेगळे. पण आमचा मान ठेवून भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात, आपल्या लोकांत म्हणतात तसा. बोलणं मोजकं. म्हैस व्याली तरी तोच आवाज आणि म्हैस मेली तरी तोच.

हर्षालीला दोनदा दिवस गेले आणि दोनदा राहिलं नाही. तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा मी गुडघ्यावर बसून प्रभूला सांगितलं, आजवर ह्या घरानं तुझ्याकडे काही मागितलं नाही, नुसत्या पेट्या दिल्या. आता एवढं एक दे. आणि पोरीला फोन केला, ‘सातव्यात माहेरी यायची रीत आहे. बॅग भर.’

‘मम्मी, आत्ता कशी येऊ? इथे बायका अडतात गं. रात्री-अपरात्री मी एकटीच असते त्यांना.’

‘आणि तुला कोण आहे?’

‘मला तू आहेस की. नववा लागला की येते. शप्पथ.’

‘शपथ घेऊ नये,’ मी म्हटलं, ‘आणि मला शिकवू नकोस. सेवा सेवा म्हणून तुम्ही बापलेकींनी माझा जीव घेतलाय. माझ्या पोटी आलीस, तर आधी माझी सेवा कर.’

ती हसली. मग म्हणाली, ‘पप्पांना विचार, माझी लहानी पेटी झाली का? प्रार्थनेला इथे नुसती खंजिरी आहे. आणि बाळाला मला पहिल्यापासून सूर ऐकवायचाय.’

लहानी पेटी म्हणजे घरातली सगळ्यात छोटी हार्मोनियम. हर्षाली तिच्यावरच शिकली. लहानपणी तिला सकाळी उठवायला हे त्याच पेटीवर एक सूर वाजवायचे, ह्यांनी स्वतःच जुळवलेला, शब्दबिब्द काही नाहीत. पोरगी डोळे न उघडता हसायची आणि मग उठायची. आता हे त्या पेटीच्या मागेच लागले. नवा भाता लावला, सूर घासून नीट केले. आणि ती डोंगरात न्यायची, धक्के बसणार, धूळ बसणार, म्हणून तिला ठेवायला आणखी एक पेटी केली. ही मात्र पाइनची नाही, सागाची. चर्चमधला एक बाक मोडला होता, ज्यावर ह्यांची आजी बसायची, तो पाळकसाहेबांकडून मागून आणला. आतून हिरवी मखमल, खाली कापूस, पितळी कड्या. झाकणावर कोरलं, ‘हर्षाली’. मी म्हटलं, ‘अहो, हार्मोनियमपेक्षा खोकं देखणं झालंय.’ हे म्हणाले, ‘खोकं म्हणू नकोस गं.’

आणि मग तो फोन आला. सकाळची वेळ, मी डिंक तळत होते. हर्षालीचा आठवा संपत आला होता आणि मी ठरवलं होतं, आता वाट बघायची नाही, जाऊन उचलून आणायची. ह्यांच्या हाताला पॉलिश लागलेलं, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. बहिरूभाऊ होते.

‘इवाई, सलाम.’

‘सलाम, सलाम! बोला बहिरूभाऊ.’

‘पेटी पायजे. लहानी. आजच आणा म्हंजे बरं.’

ह्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. ‘अहो, तयारच आहे! कालच शेवटचा हात मारला. आतून मखमल लावलीय.’

पलीकडून विचारलं, ‘तयार हाय?’

‘म्हणजे काय! कधीचा लागलोय मागे.’

‘मंगळूनं सांगितलं वाटतं. बरं झालं. या मंग. समदी वाट बघत्यात.’ आणि रेंज गेली.

‘मंगळूनं कशाला,’ हे बंद फोनला म्हणाले, ‘माझ्या पोरीनंच सांगितलंय.’

‘अहो, पोरगी कशी आहे ते तरी विचारायचं!’

‘आता बघशीलच की डोळ्यांनी. चल, आवर.’

मी लाडू वळले, डबा भरला. जुन्या मऊ साड्यांची दोन दुपटी शिवून ठेवली होती, तीही पिशवीत टाकली. कोणी म्हणेल आधीच कशाला, पण मला वाटलं, हर्षालीला दाखवू. जिन्यातून उतरताना मी ह्यांना म्हटलं, ‘हे बघा, सौदा सरळ आहे. पेटी ठेवायची आणि पोरगी घेऊन यायची.’

त्र्यंबकपर्यंत बस मिळाली, पुढे हरसूलची जीप. बाजाराचा दिवस, जीप माणसांनी आणि कोंबड्यांनी भरलेली. ह्यांनी पेटी मांडीवर धरलेली. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलंच, ‘खोक्यात काय हाय बाबा, एवढं जपून नेताय?’ बस, ह्यांना तेवढंच पाहिजे असतं. कड्या काढल्या, हार्मोनियम बाहेर काढली आणि धरला सूर. डायव्हरनं टेप बंद केला. मागच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. एक कोंबडीवाली म्हणाली, ‘लगीन हाय का पोरीचं?’ मी म्हटलं, ‘लग्न नाही, बारसं जवळ आलंय!’ सगळी जीप हसली. घाट चढताना मोहाच्या फुलांचा वास येत होता आणि मला वाटलं, प्रभूनं ऐकलं माझं.

हरसूलला उतरून पाड्यापर्यंत चढण आहे. पायथ्याशी आल्यावर हे म्हणाले, ‘थांब, हिला गंमत करू.’ हार्मोनियमला गळ्यात अडकवायचा पट्टा होता, तो घातला. रिकामी सागाची पेटी माझ्या हातात दिली. आणि पोरीला उठवायचा तो सूर वाजवत हे पुढे, मी मागे, अशी आमची वरात निघाली. मी म्हणत होते, ‘अहो, लाज आहे का काही, ह्या वयात!’ आणि हसत होते.

अंगण भरलेलं होतं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, सगळे खाली बसलेले. आम्हाला बघून माणसं बाजूला सरकली, वाट करून दिली. पुढे कळलं, त्यांना वाटलं की खिस्ती लोकांत अशीच रीत असेल, वाजवत आणायची.

मला वाटलं, प्रार्थनेला जमलेत.

बहिरूभाऊ उठून आले. ह्यांच्या गळ्यातल्या हार्मोनियमकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे आले आणि माझ्या हातातली रिकामी पेटी दोन्ही हातांनी घेतली. झाकण उघडलं. आतल्या मखमलीवरून अंगठा फिरवला.

‘बेस केली, इवाई,’ म्हणाले. ‘मखमल बी लावली. लेकराला टोचायचं नाय.’

‘कुठल्या लेकराला?’ मी विचारलं.

बहिरूभाऊंनी वर बघितलं. एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे, मग त्या हार्मोनियमकडे. त्या गावात हार्मोनियमला बाजा म्हणतात. पेटी म्हणजे काय, हे त्या माणसानं एकदाच बघितलं होतं, नाशकात, आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा. त्यांच्यात पेटी नसते, लेकराला कापडात गुंडाळूनच मातीत ठेवतात. पण आईच्या माणसांच्यात पेटी लागते, आईच्या माणसांचा मान राहिला पाहिजे, म्हणून त्यांनी डोंगरावर रेंज शोधत जाऊन फोन केला होता.

‘मंगळूनं तुमाला सांगितलं नाय?’ ते म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. ‘मला वाटलं, त्यानं दवाखान्यातून केला आसंल फोन... इहीणबाई, मला वाटलं तुमाला ठावं हाय...’

ह्यांचं बोट एका पट्टीवर तसंच राहिलं होतं. भात्यातली हवा संपेपर्यंत तो एकच सूर वाजत राहिला, मग बसला. मी आत धावले.

हर्षाली चटईवर होती. शेजारी टॉवेलमध्ये बाळ. मुलगी. अगं माझी माय, काय रूप होतं! नाक सगळं ह्यांचं. ओठ मिटलेले, जणू आता काहीतरी हट्ट करणार. मी तिला उचललं, तर ती थंड होती.

‘मम्मी,’ हर्षाली म्हणाली, ‘तुला कोणी सांगितलं?’

मी बाळाला घेऊन तिच्या शेजारी बसले.

झालं होतं असं. खालच्या पाड्यावर साळूबाई म्हणून आहेत, त्यांची सून मनीषा अडली. बोलावणं आलं. मंगळू नको म्हणत होता. हर्षाली म्हणाली, उतारच तर आहे, हळू जाते. गेली. मूल पायाळू होतं. हिनं रात्रभर झटून दोघांना वाचवलं, मनीषाला आणि तिच्या मुलाला. चढ चढून घरी येत होती, आणि वाटेत हिच्याच पोटात कळ आली. जीप मिळेपर्यंत उशीर झाला. बाळ वाटेतच झालं. थोडा वेळ श्वास घेत होतं. मंगळू बाळाला घेऊन तसाच दवाखान्यात पळाला, पण तिथून श्वास थांबलेलं बाळच घेऊन परत आला. त्याच्या फोनला ना चार्जिंग, ना त्याला भान. त्याला वाटलं बाबांनी कळवलं असेल, बाबांना वाटलं ह्यानं.

‘मला सगळं कळत होतं, मम्मी,’ हर्षाली म्हणाली. ‘काय करायचं, कसं करायचं, सगळं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी केलं असतं. पण माझेच हात माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते.’

मग माझं डोकं फिरलं. लपवून काय करू. मी तिथेच, त्या बाळाला मांडीवर घेऊन ओरडले. ‘कुठे होता तुझा प्रभू? सांग ना! तू त्याचं काम करत होतीस ना? तो कुठे होता?’

ती म्हणाली, ‘मनीषाचं बाळ रडलं तेव्हा तिथेच होता.’

‘मग तिथून इथे यायला त्याला काय झालं? त्यालाही जीप मिळाली नाही का?’

दारातल्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या. हर्षालीनं माझ्या पिशवीतून डोकावणारं दुपटं ओढलं, फुलाफुलांचं, आणि मला म्हणाली, ‘हे तिच्यासाठीच आणलंस ना? टॉवेल खरखरीत आहे गं.’ मी बाळाला त्यात गुंडाळलं. तिला मी दुसऱ्या कशात, दुसऱ्या कुठल्या दिवशी गुंडाळणार होते.

बाहेर हे पायरीवर बसले होते. कोणीतरी गळ्यातली हार्मोनियम उतरवून ठेवली होती. मला बघून म्हणाले, ‘सुवर्णा, मी दुसरी करतो. इथे फळ्या मिळतील. ही तिच्या वाजवायच्या पेटीची आहे, ही नको. मी आत्ता करतो.’ बहिरूभाऊ गोठ्यातून फळ्याही घेऊन आले होते, करवतही आणली होती. ह्यांनी करवत हातात घेतली, फळीवर टेकवली आणि परत खाली ठेवली. आजवर कितीतरी लहान पेट्या ह्यांनी केल्या. त्या दिवशी हे जेवत नाहीत, पण हात कधी थांबला नव्हता.

‘पप्पा.’ हर्षाली भिंतीला धरून दारात आली होती. ‘ही कोणासाठी केलीत?’

‘तुझ्यासाठी, बाळा.’

‘मग माझ्याच बाळाला द्या.’

ह्यांनी स्वतःच निजवलं तिला. मापाची झाली, मेली ती पेटी. इतकी मापाची की मला त्या पेटीचाच राग आला. बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं. झाकणावर आईचं होतं, तेवढंच तिच्याबरोबर गेलं. न्यायच्या पेटीला हे शेवटी स्क्रू मारतात. ह्या पेटीला कड्या होत्या, उघडझाप करायच्या. ह्यांनी त्या दोन कड्या लावल्या, अगदी हलकेच, आणि हात तिथून निघेनात. शेवटी मंगळूनं सासऱ्याचे हात धरून बाजूला केले.

शेताच्या कडेला मोहाच्या झाडाखाली मंगळूनं खोदलं होतं. पाळक नव्हते. मंगळूच प्रार्थना करायला उभा राहिला, ‘हे प्रभू’ म्हणाला आणि त्याच्या पुढे शब्दच येईनात. बहिरूभाऊ हात जोडून उभे होते, कोणत्या देवाला ते त्यांनाच माहीत.

तेवढ्यात घराकडून सूर आला. हर्षालीला तिथवर चालवत नव्हतं. तिनं उंबऱ्यात बसून ती लहानी पेटी मांडीवर ओढली होती आणि वाजवत होती. तोच सूर, तिला सकाळी उठवायचा. फक्त एवढा हळू की त्यानं कोणाला जाग येऊ नये. हे मटकन मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि मनात एकच म्हणत होते, उठ गं बाई, उठ.

सौदा मात्र ठरल्यासारखाच झाला. पोरगी मी घेऊन आले. हार्मोनियमही परत आली, कारण हे म्हणाले, हिला नवी पेटी करतो.

बाळंतिणीचं सगळं केलं मी. शेक, शेगडी, बाळंतकाढा. डिंकाचे लाडू ती औषधासारखे खायची. तिला पान्हा फुटायचा आणि ब्लाउज भिजायचा, मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी तिच्या पाठीशी पडून राहायचे. सगळं माहेरपण मनासारखं झालं, नुसतं बाळ नव्हतं. पाळकसाहेब भेटायला आले, त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं तशी मी म्हटलं, ‘साहेब, चहा घ्या. वचन नको.’ शहाणा माणूस, त्यांनी पुस्तक मिटलं आणि चहा घेतला. रविवारी मी चर्चला जाते. प्रभूला सलाम करते आणि गप्प बसते. बोलणं अजून सुरू झालेलं नाही आमचं.

ह्यांनी नव्या पेटीसाठी फळ्या आणल्या, हार्मोनियमचं माप घेतलं. हर्षालीनं बघितलं. म्हणाली, ‘नको पप्पा. हिची पेटी झालीय.’ ह्यांनी फळ्या भिंतीला लावून ठेवल्या.

आणि एक दिवस ती म्हणाली, ‘मम्मी, मी उद्या जाते.’

मी भांडले. भांडायचीच. म्हटलं, ‘त्या डोंगरानं तुझं पोर खाल्लं आणि तू परत तिथेच?’

‘डोंगरानं नाही खाल्लं. उशिरानं खाल्लं. तिथे अजून कोणी नाहीये, मम्मी. पुढच्या बाईलाही उशीरच होणार.’

लहानपणापासून अशीच, हट्टी. बापावर गेलीय म्हणावं तर लोक म्हणतात माझ्यावर गेलीय. मी डबा भरला आणि तिला सोडायला निघाले.

पुन्हा त्र्यंबक, पुन्हा हरसूलची जीप. हार्मोनियम तिच्या मांडीवर. पेटी नाही, धूळ तर बसणार. म्हणून तिनं ती दुसऱ्या दुपट्यात गुंडाळली होती, जे उरलं होतं त्यात. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. खड्डा आला की ती आधी तिला सावरायची, मग स्वतःला.

वाटेत एक म्हातारी चढली. नजर कमी असावी बिचारीची. हर्षालीकडे बघितलं आणि शेजारच्या पोरांना ओरडली, ‘सरका रे, बाळंतीण हाय!’ मग आपला पदर पुढे करून उन्हाला आडवा धरला. ‘झाक गं त्याचं तोंड, ऊन लागंल. किती दिसाचं हाय?’

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हर्षालीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘बाळ नाही, आजी,’ ती म्हणाली. ‘पेटी आहे.’

आजीला नीट ऐकू आलं नसावं. तिनं हरसूल येईपर्यंत पदर तसाच धरून ठेवला.